मावशींची हजेरी अ‍ॅपवर: उशीर मोजतात, जास्त थांबलेला वेळ का नाही?

मेथीची_जुडी

घरी म्हाताऱ्या माणसांसाठी बाई किंवा मामा ठेवणाऱ्यांना, आणि इथे कुणी स्वतः हे काम करत असेल तर त्यांनाही, विचारायचं आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. आई ८३ वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून अंथरुणाला खिळलेली आहे. घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दोघी येतात, सकाळी ८ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. दिवसाच्या मावशी बदलापूरहून, रात्रीच्या ताई दिव्याहून. दोघींचं काम चोख आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, हे आधीच सांगते, नाहीतर धागा 'हल्लीच्या बायका' या विषयावर जाईल.

दिवाळीनंतर ब्युरोने हजेरीचं अ‍ॅप आणलं. दारात उभं राहून लोकेशन चालू करायचं, सेल्फी काढायचा, त्यात डोळे मिचकवायचे, म्हणजे फोटोचा फोटो नाही हे अ‍ॅपला पटतं. मग ओटीपी. हा ओटीपी बिल भरणाऱ्याच्या नंबरवर जातो आणि बिल भरतो माझा भाऊ न्यू जर्सीतून. आपले सकाळचे आठ म्हणजे सध्या त्याचे आदल्या रात्रीचे साडेनऊ, आणि आपले रात्रीचे आठ म्हणजे त्याचे सकाळचे साडेनऊ. तेव्हा तो नेमका मीटिंगमध्ये असतो. त्याने मेसेज बघून मला पाठवायचा, मी तो मावशींना वाचून दाखवायचा. आमच्या मजल्यावर उजेड कमी, त्यामुळे अ‍ॅपला चेहरा ओळखू येत नाही. मावशी चप्पल काढायच्या आधी पॅसेजमधल्या ट्यूबखाली जाऊन मान वर करून उभ्या राहतात. आतून आई विचारते, "कोण आलंय? फोटो कसले काढताय?"

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण नियम असा आहे: ८ वाजून १० मिनिटांनंतर हजेरी लागली तर अर्ध्या तासाचे पैसे कापायचे. आणि रात्री ८ ला अ‍ॅप आपोआप चेक-आउट करतं. मावशी घरात असोत वा नसोत.

मागच्या रविवारी मेगाब्लॉक होता. रात्रीच्या ताई पावणेनऊला पोचल्या. तोवर मावशी थांबल्या, कारण आईला एकटं ठेवून कुणीच जाऊ शकत नाही. त्या पाऊण तासात त्यांनी आईचं डायपर बदललं, चादरही बदलली, कारण ती ओली झाली होती. अ‍ॅपवर त्यांची ड्युटी ८.०० ला संपली होती. घरी पोचायला साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ८.१४ ला आल्या. अर्धा तास कट. ब्युरोला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, सिस्टीमच तशी आहे."

सिस्टीम कुणीतरी केलेली असते ना? उशीर मोजता येतो तर थांबणं का मोजता येत नाही?

शिवाय अ‍ॅपमध्ये कामांची यादी आहे. स्पंजिंग, औषधं, कूस बदलणं, जेवण, सगळ्यावर टिक करायची. कूस दर दोन तासांनी बदलायची असते, बेडसोर होऊ नये म्हणून, आणि मावशी बदलतात. पण टिक एकदम संध्याकाळी करतात, कारण हात मोकळा असेल तेव्हाच फोन हातात येणार. आमची जुनी लांब वही अजून चालू आहे. त्यात किती वाजता कोणत्या कुशीवर वळवलं, लघवी किती, माकडहाडापाशी लाली आहे का, सगळं मावशींच्या गिचमिड अक्षरात असतं. डॉक्टर येतात तेव्हा तीच मागतात. अ‍ॅप आजवर कुणी मागितलेलं नाही.

तुमच्याकडे काय चालतं? हा अर्ध्या तासाचा कट कायद्यात बसतो का? आणि परदेशात घरी जाऊन सेवा देणाऱ्यांची वेळ कशी मोजतात?

---

कुरापत

दुसरी बाजू मांडतो. आपण १२ तासांचे पैसे मोजतो. माझ्या सासऱ्यांकडे येणारा मुलगा रोज सव्वानऊला यायचा आणि वहीत ८ लिहायचा. वहीला कोण विचारतो? अ‍ॅप आलं आणि साहेब ८ ला हजर व्हायला लागले. ट्रेनचं कारण मुंबईत सगळ्यांनाच आहे. मलाही मस्टर आहे. एक गाडी आधीची पकडायची.

---

मेथीची_जुडी

@कुरापत, मावशी ५.५० ला घर सोडतात. त्याच्या आधीची गाडी पकडायची तर आदल्या रात्री आमच्याकडून लवकर सुटायला हवं. ते आम्ही होऊ देत नाही, हाच तर मुद्दा आहे.

---

चाळकरी

आमच्याकडे गिरगावात पत्नीसाठी बाई आहेत, तिला स्मृतिभ्रंश आहे. ब्युरोने आम्हालाही अ‍ॅपसाठी विचारलं होतं, मी नाही म्हटलं. हजेरीच्या कार्डावर मी सही करतो, वेळ घालतो, येतानाची आणि जातानाचीही.

वेळेपेक्षा त्या कामांच्या यादीबद्दल लिहितो. अ‍ॅपमध्ये 'जेवण दिले' अशी एक ओळ आहे. आमच्याकडे दुपारच्या वाटीभर मऊ भाताला तासभर लागतो. पहिला घास ती थुंकते. मग बाई तिच्याशी तिच्या माहेरच्या, कुडाळच्या गप्पा काढतात. बाई स्वतः साताऱ्याच्या, कुडाळ पाहिलेलंही नाही, पण कुठल्या विहिरीवर पाणी भरायचे इथवर त्यांना आता पाठ आहे. त्या गप्पांत तोंड उघडतं, तेव्हा घास जातो. कधी अर्ध्या वाटीवर थांबायचं हे त्यांना कळतं, कारण कोंबलं तर ठसका लागून फुप्फुसात जायची भीती. हे सगळं त्या एका टिकमध्ये आणि दहा मिनिटांत भात कोंबणारीचीही तीच टिक.

कॅमेरा मात्र मी लावलाय. त्याबद्दल इथले वकील काही सांगतील का?

---

कोडगा

मी अ‍ॅपवालाच आहे. हजेरीची नाही, डिलिव्हरीची अ‍ॅपं करतो, पण यंत्रणा तीच.

लोकेशनसाठी नकाशावर घराभोवती एक गोल आखतात, साधारण शंभर मीटरचा. फोन त्या गोलात आला की बटण चालू होतं. मुंबईत उंच इमारती खेटून असल्या की उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला पलीकडच्या गल्लीत दाखवतो. लिफ्टमध्ये किंवा जिन्यात तर बोलायलाच नको. म्हणजे माणूस दारात उभा आहे आणि अ‍ॅप म्हणतंय 'तुम्ही ठिकाणावर नाही' हे रोज होऊ शकतं. उलट, ज्याला फसवायचंच आहे तो खोटं लोकेशन दाखवणारं अ‍ॅप टाकून घरबसल्या हजेरी लावतो. प्रामाणिक माणूस ट्यूबखाली उभा राहतो आणि लबाड आरामात असतो.

आता मुख्य मुद्दा. '८.१० नंतर अर्धा तास कट' आणि 'रात्री ८ ला आपोआप चेक-आउट' यात तंत्राची कसलीही अडचण नाही. अ‍ॅपकडे मिनिटच काय, सेकंदही असतो. हे दोन्ही सेटिंग ब्युरोने निवडलेले असतात. 'सिस्टीमच तशी आहे' म्हणणारा माणूस सिस्टीमच्या सेटिंगच्या पानावर बसलेला असतो.

आणि हे खाजगी अ‍ॅपांपुरतं नाही. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटोसह ऑनलाइन हजेरी सक्तीची झाली. रेंज नाही, फोटो चढला नाही, तर राबूनही हजेरी नाही, अशा तक्रारी देशभरातून आल्या. आपल्याकडे २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते, आठवत असेल. फोन अ‍ॅप चालवण्याच्या लायकीचे नव्हते आणि अ‍ॅप इंग्रजीत. मोजणाऱ्याने यंत्र निवडायचं आणि त्याचा ताप मोजल्या जाणाऱ्याने सोसायचा.

---

तिखट_मीठ

कोडगा, आयडी आणि प्रतिसाद दोन्हीला +१ :)

---

एल्बेकाठी

मी हॅम्बुर्गला नर्स आहे. घरोघर जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेत काम करते, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

इथे आमची ड्युटी एका घरात १२ तास नसते. सकाळच्या पाळीत एकामागून एक घरं. संस्थेने दिलेल्या फोनवर दिवसाची यादी असते: अमुक आजी, मोठी आंघोळ आणि औषधं, अमुक आजोबा, पायाला पट्ट्या आणि इन्शुलिन. दारात गेल्यावर सुरू, निघताना बंद. प्रत्येक कामाला ठरावीक मिनिटं गृहीत धरलेली असतात, कारण विमा पैसे देतो ते कामांच्या ठरलेल्या गठ्ठ्यांनुसार. आजींनी खिडकीतली कुंडी दाखवायला थांबवलं की घड्याळ लाल होतं. या मिनिटामिनिटाच्या सेवेला लोक इथेही वैतागलेले आहेत. हॉलंडमध्ये २००६ च्या सुमारास योस द ब्लोक नावाच्या नर्सने ब्यूर्टझोर्ख ही संस्था काढली, तीच मुळी या तुकड्यांच्या कामाला कंटाळून. तिथे नर्सेसचे लहान गट आपलं वेळापत्रक आपणच ठरवतात.

पण मेथी, तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळची गोष्ट वेगळी आहे. कामाचे तास नोंदवलेच पाहिजेत असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी दिला. रोजचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि कामगाराला पाहता येईल अशी व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे, असा. ही मागणी कुणाची होती? मालकाची नाही. स्पेनमधल्या कामगार संघटनेने डॉइश बँकेच्या तिथल्या उपकंपनीवर दावा लावला होता, कारण जास्त वेळ केलेल्या कामाची नोंदच होत नव्हती. जर्मनीच्या श्रम न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये इथेही तेच लागू असल्याचं सांगितलं. म्हणजे इथे घड्याळ हे कामगाराने मागून घेतलेलं आहे. लाल घड्याळाचा राग येतो, पण महिनाअखेरीला माझे जास्तीचे तास त्याच फोनमधून निघतात आणि ते मला दिसतात.

प्रवासाचंही आहे. २०१५ मध्ये याच न्यायालयाने ठरवलं की ज्यांना कामाची ठरावीक जागा नाही, त्यांचा घरून पहिल्या ग्राहकाकडे जाण्याचा आणि शेवटच्याकडून घरी येण्याचा वेळही कामाचाच. मावशींची जागा ठरलेली आहे, त्यामुळे त्यांना तो लागू झाला नसता. बदलापूरची गाडी त्यांच्या माथी राहिलीच असती. एक अजून: जिथे कामगारांची निवडून दिलेली समिती असते, तिथे कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवू शकणारं यंत्र समितीला विचारल्याशिवाय लावता येत नाही.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. (मेथी, मी तुमचा भाऊ नाही, मला ओटीपी येत नाहीत.)

इथे २०१६ च्या अखेरीच्या एका कायद्याने मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) पैशांवर घरी मिळणाऱ्या सेवेला इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. वैयक्तिक सेवेला आधी, घरच्या नर्सिंगला जानेवारी २०२३ पासून. सहा गोष्टी नोंदवायच्या: कोणती सेवा, कुणाला, कोणत्या तारखेला, कुठे, कुणी दिली, आणि सुरुवात-शेवटची वेळ. उद्देश खोटी बिलं पकडणं. सेवेचा पैसा सरकारी, म्हणून तिथे हिशेब सरकारला हवा आहे.

यावर सगळ्यात जास्त आवाज उठवला तो अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी. म्हणणं असं की लोकेशन मदतनिसाचं नोंदवता, पण ती माझ्यासोबत असते, म्हणजे मी कुठे गेले हेही सरकारला कळतं. घरातच राहणाऱ्या मदतनिसांना ही नोंद सक्तीची नाही, अशी सूट नंतर स्पष्ट केली गेली.

---

दोन_खोल्यांचं_ऑफिस

माझा डोंबिवलीत छोटा ब्युरो आहे. मेथीताईंचा ब्युरो माझा नाही, हे आधीच सांगतो.

अ‍ॅप आम्ही हौसेने आणलेलं नाही. फॅमिलीचा फोन येतो, "तुमची बाई चार दिवस आलीच नाही, बिल कापा." बाई म्हणते, "मी रोज गेले." दोघांत खरं कोण? मी मध्ये उभा. वही फॅमिलीच्या घरात, त्यातलं पान कधीकधी नेमकं फाटलेलं असतं. अ‍ॅप आल्यापासून हे वाद जवळजवळ संपले, आणि खरं सांगायचं तर त्यात बाईच्या बाजूचे पुरावेही निघालेत.

उशिराचं म्हणाल तर माझ्या डोक्याचा खरा ताप उशीर नाही, बुट्टी. गणपतीत आणि शिमग्याला निम्मा स्टाफ कोकणात. सकाळी सात वाजता फोन लागत नाही आणि पेशंटच्या नाकात नळी. मग बदली शोधायची, ती जादा पैसे मागते, ते मी खिशातून देतो. अर्ध्या तासाचा कट हा धाक म्हणून असतो. माझ्याकडे १५ मिनिटांची सवलत आहे.

थांबलेल्या वेळेचं काय, तर त्याचे पैसे मी फॅमिलीकडे मागितले की फॅमिली म्हणते, "रिलीव्हर (पुढच्या पाळीची बाई) पाठवणं तुमचं काम." ते खोटंही नाही.

---

मेथीची_जुडी

@दोन_खोल्यांचं_ऑफिस, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. एक विचारते. बाईचा अर्धा तास कापला की तो आमच्या बिलातून कमी होतो का? तुमचं वाचल्यावर मी मागची तिन्ही बिलं काढून बघितली. त्यात 'ड्युटी' मोजलेल्या आहेत, सगळ्या पूर्ण. एकही कट आमच्यापर्यंत आलेला नाही.

---

कुरापत

थांबा. मग तो अर्धा तास गेला कुठे?

---

दोन_खोल्यांचं_ऑफिस

बिल ड्युटीवर असतं, तासांवर नाही. सगळीकडे तसंच असतं.

---

कुरापत

हे उत्तर नाही, साहेब. मी अ‍ॅपच्या बाजूने होतो आणि अजून आहे. पण उशीर माझ्या सासऱ्यांना सोसायला लागला, पैसे मुलाचे कापले, आणि ठेवले तुम्ही? उशिरात तुमचं नुकसान काय झालं?

---

नाईट_ड्युटी

मी हे काम करते. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलाय. नालासोपाऱ्याहून दहिसरला रात्रपाळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते.

आमच्या अ‍ॅपमध्ये रात्री दर दोन तासांनी घंटी वाजते. 'जागे आहात का' असं येतं, दोन मिनिटांत बटण दाबायचं. बाबांना रात्री झोप कमी. कशीबशी पहाटे तीनला डोळा लागला की चारची घंटी. आवाज बंद केला तर माझं बटण चुकतं. आता फोन ब्लाउजमध्ये ठेवते, थरथरला की कळतं. एकदा हातात ग्लोव्हज होते, बाबांची शी साफ करत होते, तेव्हा आलं. ग्लोव्हज काढून, हात धुऊन, पुसून येईपर्यंत दोन मिनिटं गेली. सकाळी ऑफिसमधून मेसेज, 'ड्युटीवर झोपू नये'.

फोन माझा, रिचार्ज माझा. अ‍ॅप मोठं आहे म्हणून मुलीच्या शाळेचे फोटो काढून टाकायला लागले. लोकेशन सारखं चालू ठेवायला सांगतात म्हणून बॅटरी टिकत नाही. आणि ते सुट्टीच्या दिवशीपण चालू राहतं. मी ताप आहे म्हणून रजा घेतली, वसईला डॉक्टरकडे गेले, तर फोन आला, "तुम्ही आजारी ना, मग वसईला कशाला?"

पण वही परत आणा असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये ट्रेन बंद झाल्या तेव्हा मी एका घरी अडकले. दिवसरात्र तिथेच. घरचे चांगले होते, जेवण-खाण सगळं दिलं. ब्युरोने पैसे दिले ते १२ तासांच्या दराने. म्हणाले, रात्री तू झोपत होतीस. पेशंटच्या खोलीत खाली गादी टाकून, हाक मारली की उठायचं, याला झोप म्हणतात का? माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हा अ‍ॅप असतं आणि त्यात खरे तास दिसले असते तर मी भांडले असते. आताच्या अ‍ॅपमध्येही मला माझे तास दिसत नाहीत. फक्त हिरवं किंवा लाल. महिन्याचा हिशेब ऑफिसला दिसतो.

---

चाळकरी

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. ती रात्रीची घंटी पेशंटसाठी आहे की पेशंटविरुद्ध, हे कुणी ठरवलं?

---

वकिलीण

कामात होते, आता सगळं वाचलं. जरा लांब होईल.

१) कट. कामगार असेल तर गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं आणि वेतन संहितेतही आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १४ मिनिटं उशीर झाला तर १४ मिनिटांचेच पैसे कापता येतात. धाक म्हणून अर्धा तास कापता येत नाही. शिस्तीसाठी दंड करायचा तर त्याला वेगळी पद्धत आहे, आधी बाजू ऐकून घ्यावी लागते. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करून घेतलं तर जादा वेळेचा दर साध्याच्या किमान दुप्पट.

२) पण 'कामगार असेल तर' इथेच घोडं अडतं. बहुतेक ब्युरो म्हणतात, आम्ही फक्त ओळख करून देतो, मालक म्हणजे ते कुटुंब. कुटुंब म्हणतं, आम्ही ब्युरोला बिल भरतो, मालक ब्युरो. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणीचा आणि मदतीच्या योजनांचा. तासांचं त्यात काही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने बाजूने मत दिलं, पण मान्यता अजून दिलेली नाही. त्यात नाईट_ड्युटी यांच्या गादीबद्दलच जणू लिहिलंय: ज्या वेळेत कामगाराला आपल्या मर्जीने वागता येत नाही आणि हाकेसरशी हजर राहावं लागतं, तो वेळ देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत कामाचा धरावा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमायला सांगितलं.

३) लोकेशन. इथे ब्युरोंची गंमत आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यात एक सवलत आहे: नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही माहिती संमतीशिवाय वापरता येते. ही सवलत हवी असेल तर ब्युरोला म्हणावं लागेल की ही बाई आमच्याकडे नोकरीला आहे. मग वरचं सगळं लागू: प्रमाणशीर कपात, जादा वेळेचा दुप्पट दर. आणि 'आम्ही मालक नाही' म्हणायचं असेल तर संमती घ्या, कशासाठी घेता ते स्पष्ट सांगून, आणि ती मागे घेता येते. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बऱ्याचशा जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. म्हणजे आत्ता याखाली तक्रार करून लगेच काही होणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी वसईत पाठलाग करणं कुठल्याही मालकाच्या गरजेत बसवणं अवघड आहे.

४) चाळकरी काका, घरगुती कारणासाठी लावलेल्या कॅमेऱ्याला हा कायदा लागत नाही. तरी कॅमेरा आहे हे बाईंना सांगा. जिथे त्या कपडे बदलतात तिथे तो कदापि नको, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा होऊ शकतो. आणि काकूंच्या स्पंजिंगच्या वेळी कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे फिरवा. त्या सांगू शकत नाहीत म्हणून त्यांना चालतंय असं नाही.

---

चाळकरी

कॅमेरा फिरवला. आंघोळीचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

---

कोडगा

वरचं वाचून चार ओळी. हवं असेल तर ब्युरोंनी आपल्या अ‍ॅपवाल्याला जशाच्या तशा पाठवाव्यात.

आपोआप चेक-आउट बंद. ड्युटी संपते ती पुढची बाई हजेरी लावते तेव्हा. दोघींची नोंद एकमेकींना जोडा, म्हणजे कोण कुणासाठी किती थांबलं ते आपोआप कळतं. लोकेशन फक्त येताना आणि जाताना, मधल्या वेळात आणि सुट्टीला अ‍ॅपला परवानगीच नको. ओटीपीऐवजी घरात एक छापील क्यूआर लावा, तो स्कॅन केला की झालं, अमेरिकेला उठवायला नको. सेल्फी कशाला हवा? आणि महिन्याअखेरीला बाईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत तिचे तास: आलात, गेलात, जास्त थांबलात, कापलं किती.

यातलं काहीही करायला आठवडा पुरतो.

---

दोन_खोल्यांचं_ऑफिस

क्यूआरचा फोटो काढून बाई तो घरी स्कॅन करेल.

---

कोडगा

लोकेशन येताना घेतोय ना? दोन्ही मिळून पुरतं. शंभर टक्के चोर पकडायचा हट्ट असेल तर बाकीच्या सगळ्यांना रोज चोरासारखं वागवावं लागतं.

---

दोन_खोल्यांचं_ऑफिस

पटतंय. चेक-आउट मी काल बंद केलं. खरंच सेटिंगमध्ये होतं. जास्त थांबलेल्या वेळेचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न मात्र तुम्ही कुणी सोडवलेला नाही. दुप्पट दर मी फॅमिलीला सांगितला तर ती दुसऱ्या ब्युरोकडे जाईल, ज्याच्याकडे अ‍ॅपही नाही आणि हिशेबही नाही.

---

तिखट_मीठ

रिलीव्हर उशिरा आली तर तिचे तेवढेच पैसे कापले जातात ना? तेच थांबलेलीला द्या. साध्या दराचं तिथून भागतं, वरचा भार अर्धा ब्युरो, अर्धं घर.

---

वकिलीण

हिशेब म्हणून ठीक. पण रिलीव्हर मेगाब्लॉकमुळे उशिरा आली तर एका बाईच्या खिशातून दुसरीला दिल्यासारखं होतं आणि ज्याची सेवा एक मिनिटही खंडली नाही ते घर नामानिराळं राहतं.

---

मेथीची_जुडी

धागा वर काढतेय, कारण थोडं घडलं.

वकिलीणबाईंचा पहिला मुद्दा आणि कोडगांच्या ओळी ब्युरोला पाठवल्या. आधी "बघतो" झालं. मग भावाने तिकडून मेल टाकली की कट आमच्या बिलातून वजा का होत नाही याचा खुलासा द्या. दोन दिवसांत ब्युरोच्या मालकांचाच फोन. आता कट जितकी मिनिटं तितकाच. रात्रीचं आपोआप चेक-आउट गेलं. ओटीपी माझ्या नंबरवर आला. सेल्फी राहिला आहे, तर सोसायटीला सांगून पॅसेजमध्ये मोठा दिवा लावून घेतला.

थांबलेल्या वेळेचे पैसे आमच्या बिलात वेगळ्या ओळीत येणार, साध्या दराने. दुप्पट म्हटल्यावर मालक गप्प. भावाचं म्हणणं आहे रिलीव्हर वेळेवर आणणं ब्युरोचं काम, आपण का भरायचं. माझं म्हणणं, त्या पाऊण तासात ओली चादर आपल्या आईची होती. तूर्त माझ्या खात्यातून भरतेय, भांडण चालू आहे.

मावशींना मागच्या महिन्याचे तास व्हॉट्सअ‍ॅपवर आले. त्यांनी ते वहीशी ताडून पाहिले आणि दोन ठिकाणी अ‍ॅपची चूक काढली.

---

नाईट_ड्युटी

ताई, सुट्टीच्या दिवशीचं लोकेशन बंद झालं का तुमच्याकडे? मी ऑफिसला विचारलं तर म्हणाले कंपनीला विचारतो.

---

मेथीची_जुडी

ते अजून नाही. आमच्याकडेही "कंपनीला विचारतो" हेच उत्तर.

---

कोडगा

तोवर फोनच्या सेटिंगमध्ये जा, त्या अ‍ॅपच्या परवानग्या उघडा, लोकेशनला 'फक्त अ‍ॅप वापरताना' निवडा. सुट्टीला अ‍ॅप उघडू नका.

---

वकिलीण

आणि ऑफिसला जे विचारायचं ते लिहून विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, फोनवर नको. उत्तर आलं नाही तरी तुम्ही कधी विचारलं होतं ते राहील.